नोकरीचा खेळ, हंगामाचा खेळ

पुणेकरांना ऑगस्ट २००९ आठवतो तो तोंडाला बांधलेल्या रुमालांमुळे. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. शाळा बंद झाल्या, औषधांच्या दुकानांत मास्क मिळेनासे झाले आणि सगळं शहर धास्तावून गेलं. नेमक्या त्याच दिवसांत शहराच्या पश्चिम कडेला एक जागतिक स्पर्धा चालू होती, याची आठवण आज फार थोड्यांना असेल. बावधनहून महामार्गाने उत्तरेला निघालं, पाषाण-सूस आणि बाणेर मागे टाकलं की बालेवाडीचं श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं हे संकुल २००८मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धांचं यजमान झालं होतं. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै ते ९ ऑगस्ट या काळात, तिथे २१ वर्षांखालील मुलांची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा झाली. सोळा देशांचे संघ आले, खेळले आणि ब्राझील विजेतेपद घेऊन गेला.

या वयाची स्पर्धा संपली की खेळाडूच्या पुढ्यात रस्ता फुटतो. ब्राझील किंवा युरोपातला मुलगा एखाद्या क्लबच्या करारावर सही करतो. महाराष्ट्रातला मुलगा अर्ज भरतो. कधी रेल्वेत, कधी पोलिसांत, कधी सैन्यदलात, तर कधी सरकारी तेल कंपनीत. दोघांची उडी सारखी असू शकते, सर्व्हिस सारखी असू शकते. पण पहिल्यासाठी खेळ हीच नोकरी होते आणि दुसऱ्यासाठी खेळ हा नोकरीपर्यंत पोहोचायचा जिना ठरतो. जिना चढून झाला की त्याची गरज संपते.

हा फरक कसा पडला, हे समजून घ्यायचं तर जर्मनीचा इतिहास पाहावा. कारण एकाच पिढीच्या आयुष्यात त्या देशाने हे दोन्ही रस्ते तुडवले.

मॉस्कोतला आठवा क्रमांक

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५चा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलिओक गावी वायएमसीए या संस्थेत विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. दिवसभर काम करून आलेल्या प्रौढ माणसांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नाही, म्हणून त्यांनी मध्ये जाळी बांधून अंगाला अंग न लागणारा खेळ बसवला. त्याच संस्थेने तो जगभर नेला आणि भारतातही आणला. हॅरी क्रो बक यांनी १९२०मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. तिथे घडलेले शिक्षक देशभरातल्या शाळांत गेले आणि त्यांच्यासोबत चेंडू आणि जाळीही गेली. १९३६पासून आंतरराज्य स्पर्धा सुरू झाल्या. १९५१मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला.

पश्चिम जर्मनीचा महासंघ निघाला १९५५मध्ये, म्हणजे आपल्यानंतर चार वर्षांनी. १९५२मध्ये मॉस्कोला पुरुषांची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा भारताचा संघ तिथे होता आणि अकरा देशांत आठवा आला. जर्मनांचा, पूर्वेकडचा किंवा पश्चिमेकडचा, एकही संघ त्या स्पर्धेत नव्हता. पुढे आशियाई स्पर्धांत भारताने १९५८मध्ये टोकियोला कांस्य आणि १९६२मध्ये जकार्ताला रौप्यपदक मिळवलं. तेव्हा शर्यतीत आपण उशिरा उतरलो, ही सबब चालायची नाही. सुरुवातीच्या रेषेवर आपण जर्मनांच्या पुढे उभे होतो.

महाराष्ट्रात तर या खेळाला मुळं धरायला वेळच लागला नाही. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि मोकळी जागा एवढंच भांडवल लागतं. पोलीस मुख्यालयाचं मैदान, वसतिगृहाचं आवार, गावाबाहेरचं माळरान, कुठेही खेळ उभा राहतो. आपल्या गावांनी तर त्याची स्वतःची तऱ्हाच काढली. शूटिंग व्हॉलीबॉल नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात बूस्टरने चेंडू उचलून द्यायचा आणि स्मॅशरने मारायचा, ही रीत नाही. आलेला चेंडू मुठीच्या जोरावर थेट पलीकडे हाणायचा. गावोगावच्या स्पर्धांना आजही रात्री उशिरापर्यंत प्रकाशझोतात गर्दी होते. आवड कधीच कमी नव्हती. आवडीला व्यवसायाचा आकार देणारी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

पोलीस, लष्कर, रेल्वे आणि ट्रॅक्टर

साठीच्या दशकात पूर्व जर्मनीने व्हॉलीबॉल मनावर घेतलं. एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास वस्तीचा हा साम्यवादी देश जगाकडून मान्यता मिळवण्यासाठी धडपडत होता आणि पदकं हे त्याचं सर्वांत बोलकं साधन होतं. तिथे व्यावसायिक खेळाडू असा प्रकार अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. खेळाडू कागदोपत्री विद्यार्थी असे, सैनिक असे किंवा कारखान्यातला कामगार असे. संघांची नावंसुद्धा खात्यांवरून पडलेली होती. ‘डायनॅमो’ पोलीस आणि गुप्तचर खात्याचा, ‘फोरवेर्ट्स’ लष्कराचा, ‘लोकोमोटिव्ह’ रेल्वेचा, ‘ट्रॅक्टर’ शेतीक्षेत्राचा. आपल्याकडच्या सर्व्हिसेस, रेल्वे, पोलीस या संघांना ओळखणाऱ्या वाचकाला ही यादी मुळीच परकी वाटणार नाही.

मात्र पाटी सारखी असली तरी आतला कारभार वेगळा होता. पूर्व जर्मनीत नोकरी हा नुसता आडोसा होता. खेळाडू दिवसभर सराव करत. लहानपणीच हेरलेली मुलं क्रीडाशाळांत जात आणि तिथून मोठ्या शहरांतल्या क्रीडा क्लबांत. १९६४मध्ये एससी लाइपझिग हा क्लब युरोपचा विजेता झाला. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीचा पुरुष संघ चौथा आला. १९६९मध्ये मायदेशी झालेला विश्वचषक त्याने जिंकला आणि १९७०मध्ये बल्गेरियात तो जगज्जेता झाला.

याच काळात तिथल्या सरकारने एक कठोर निर्णय घेतला. १९६९मध्ये खेळांची दोन गटांत वाटणी झाली. ज्यांतून पदकं येतील ते वरच्या गटात. बास्केटबॉल आणि हॉकीसारखे खेळ खालच्या गटात ढकलले गेले आणि त्यांचा पैसा आटला. व्हॉलीबॉल वाचलं, कारण ते जिंकत होतं. राज्यसत्तेच्या मांडीवर बसलेल्या खेळाचं भवितव्य असं एका ठरावावर टांगलेलं असतं.

१९७२चं ऑलिंपिक म्युनिकला होतं, म्हणजे पश्चिम जर्मनीत. पूर्व जर्मनीचे खेळाडू ‘शत्रूच्या’ अंगणात खेळत होते. त्या ऑलिंपिकवर इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडाची काळी छाया पडली. त्यानंतर चार दिवसांनी, ९ सप्टेंबरला, पुरुषांची अंतिम लढत झाली. पहिला सेट पूर्व जर्मनीने १५-११ असा घेतला. नंतर प्रशिक्षक यासुताका मात्सुदायरांच्या जपानी संघाने आपल्या चपळ, फसव्या आक्रमणाने पुढचे तीन सेट खेचून नेले. पूर्व जर्मनीच्या वाट्याला रौप्य आलं. वाळूवरचं व्हॉलीबॉल सोडलं, तर जर्मन पुरुषांचं ऑलिंपिकमधलं ते आजवरचं एकमेव व्हॉलीबॉल पदक आहे.

त्या रौप्यविजेत्यांची पुढची कारकीर्द कशी घडली असती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नसेल. इटलीत क्लब होते, पैसा येऊ लागला होता, पण मध्ये भिंत होती. जगज्जेता स्मॅशर आपल्या क्लबमध्ये खेळणार, वय झालं की प्रशिक्षक किंवा शिक्षक होणार, एवढाच आलेख. महिला संघाने १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं, १९८३ आणि १९८७मध्ये युरोपचं विजेतेपद जिंकलं. तरी १९८४मध्ये त्यांना लॉस एंजेलिसला जाता आलं नाही, कारण सोव्हिएत गोटाचा बहिष्कार होता. युरोपविजेत्या खेळाडूंचं ऑलिंपिक राजकारणात वाहून गेलं.

म्युनिकला मागे राहिलेला खेळाडू

म्युनिकच्या त्याच स्पर्धेत रुमानियाचा संघही खेळत होता. त्यातला बावीस वर्षांचा स्टेलियान मोकुलेस्कु स्पर्धा संपल्यावर घरी परतला नाही. तो पश्चिम जर्मनीत राहिला, तिथे खेळला आणि मग प्रशिक्षक झाला. जर्मन व्हॉलीबॉलची पुढची पन्नास वर्षं समजून घ्यायला या एका निर्णयाइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

पश्चिम जर्मनीचं क्रीडाजीवन क्लबांवर उभं होतं आणि आजही आहे. इथे क्लब म्हणजे श्रीमंतांचा जिमखाना नव्हे. ती गावातली नोंदणीकृत संस्था असते. वर्गणी भरून कुणीही सभासद होतं, मुलं शाळा सुटल्यावर तिथे खेळायला येतात, आई-बाप स्वयंसेवक म्हणून राबतात. सर्वांत वरचा संघ पगारी असतो, खालचे दहा संघ हौशी असतात, आणि सगळे एकाच नावाने खेळतात. दहा वर्षांचा मुलगा ज्या हॉलमध्ये सर्व्हिस शिकतो, त्याच हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी तो व्यावसायिक सामना बघतो. हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि वसंतात संपतो. म्हणजे जवळजवळ सात महिने.

१९९०मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेकडचा सरकारी डोलारा कोसळला. खात्यांचा पैसा बंद झाला. जे क्लब टिकले ते क्लब म्हणून नव्याने जगायला शिकले. श्वेरीनच्या महिलांचा ‘ट्रॅक्टर’ संघ श्वेरीनर एससी झाला आणि पुढे कित्येकदा राष्ट्रीय विजेता ठरला. त्यानंतर १९९५मध्ये बोस्मान नावाच्या बेल्जियन फुटबॉलपटूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेला खेळाडू मोकळा आहे आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंना परकं म्हणून अडवता येणार नाही. फुटबॉलसाठी दिलेल्या या निकालाने इतर खेळांचाही बाजार खुला झाला. खेळाडूला आता सबंध खंड मोकळा होता.

मोकुलेस्कुंनी १९९७मध्ये फ्रीडरिक्सहाफेनच्या संघाची सूत्रं हाती घेतली. बोडन सरोवराच्या काठचं हे साठेक हजार वस्तीचं गाव. झेपेलिन हवाई जहाजांमुळे इतिहासात गेलेलं, कारखान्यांवर पोसलेलं. बर्लिन-म्युनिकच्या तुलनेत खेडंच. पण पुढच्या दोन दशकांत या गावाने जर्मन अजिंक्यपद पुन्हा पुन्हा जिंकलं. २००७मध्ये मॉस्कोला त्याने फ्रान्सच्या तूर क्लबला हरवून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेला योखेन शोप्स लगेच रशियाच्या क्लबमध्ये गेला. यात तिथे कुणाला गद्दारी वाटली नाही. जर्मन क्लबांना इटली, रशिया, पोलंड यांच्याइतका पगार देणं परवडत नाही. तेव्हा खेळाडू घडवायचा, जिंकायचं आणि वरच्या बाजारात पाठवायचं, ही त्यांची रीतच पडली.

राष्ट्रीय संघाची धुराही मोकुलेस्कुंकडेच होती. २००८मध्ये बीजिंगला जर्मन पुरुष पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरले, म्युनिकनंतर छत्तीस वर्षांनी. त्यांना तिथवर नेणारा माणूस म्युनिकहूनच आला होता, पण दुसऱ्या संघातून.

ग्रोझरचा प्रवास

शोप्स गेल्यावर फ्रीडरिक्सहाफेनला त्या जागी कुणीतरी हवं होतं. गेओर्ग ग्रोझर आला. जन्म २७ नोव्हेंबर १९८४, बुडापेस्ट. वडील हंगेरीचे आंतरराष्ट्रीय खेळाडू. कुटुंब जर्मनीत आलं आणि वडील ऱ्हाइन नदीकाठच्या मोर्स गावच्या क्लबकडून खेळले. मुलगाही पुढे त्याच क्लबचा झाला. उंची दोन मीटर. जागा अपोझिटची, म्हणजे उजवीकडचा मुख्य स्मॅशर, ज्याच्याकडे अडचणीतला प्रत्येक चेंडू जातो. उडी मारून केलेली त्याची सर्व्हिस ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाई. समोरच्याला चेंडू दिसून हात जोडेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळे.

२००८, २००९ आणि २०१० असे सलग तीन जर्मन अजिंक्यपदांचे हंगाम त्याने फ्रीडरिक्सहाफेनमध्ये काढले. २००९च्या ऑगस्टमध्ये बालेवाडीत विशीतली मुलं खेळत होती, तेव्हा ग्रोझर चोविशीत होता आणि त्याच्या नावावर दोन राष्ट्रीय विजेतेपदं होती. २०१०मध्ये तो पोलंडच्या झेशूफ शहरातल्या रेसोव्हिया क्लबमध्ये गेला आणि २०१२मध्ये त्या क्लबला त्याने पोलंडचं अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. तिथून रशियातलं बेलगोरोद. २०१४मध्ये बेलगोरोदने चॅम्पियन्स लीगही जिंकली आणि क्लबांची जागतिक स्पर्धाही.

मग आशिया. २०१५मध्ये तो दक्षिण कोरियातल्या सॅमसंगच्या संघात गेला. तिथल्या लीगमध्ये प्रत्येक संघाला एकच परदेशी खेळाडू ठेवता येई, म्हणून त्या एकट्यावर मारा करण्याचा जवळपास सगळा भार पडे. त्यानंतर शांघाय, सेंट पीटर्सबर्ग, इटलीतलं पियाचेन्झा, मग मोन्झा, तिथे युरोपीय क्लबांचा २०२२चा सीईव्ही कप, आणि पुढे तुर्कस्तानातलं इझमिर. ही गावांची यादी वाचताना दमछाक होते, पण व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य असंच असतं. दरवर्षी-दोन वर्षांनी नवं घर, नवी भाषा, मुलांची नवी शाळा, आणि गुडघा-खांदा साथ देईल तोवरच मिळणारा पगार. पेन्शन नाही, कायम नोकरी नाही. आपल्याकडच्या रेल्वेतल्या खेळाडूला जी सुरक्षितता मिळते, ती त्याला कधीच मिळाली नाही. त्याबदल्यात त्याला मिळाली तगड्या सामन्यांची दोन दशकं.

जर्मन महिलांचा मार्गही हाच. ताजिकिस्तानातल्या दुशान्बे इथे जन्मलेली आंगेलिना ग्र्यून इटलीतल्या बेर्गामोमध्ये बहरली आणि २००५ व २००७च्या चॅम्पियन्स लीग विजयांत तिचा वाटा होता. हॅम्बुर्गची मार्गारेटा कोझुख इटली, रशिया, पोलंड फिरून शेवटी वाळूवरच्या व्हॉलीबॉलकडे वळली आणि लॉरा लुडविगच्या जोडीने टोकियो ऑलिंपिक खेळली. घडवलं जर्मन क्लबांनी, पिकलं बाहेर, आणि फळ खाल्लं राष्ट्रीय संघाने.

ते फळ २०१४मध्ये पोलंडला दिसलं. बेल्जियन प्रशिक्षक वितल हाइनन यांच्या संघाने विश्वस्पर्धेत फ्रान्सला ३-० असं हरवून कांस्य जिंकलं. १९७०नंतर जर्मन पुरुषांना मिळालेलं हे पहिलं विश्वपदक. संघाचा सेटर, म्हणजे आपल्याकडचा बूस्टर, लुकास काम्पा स्पर्धेतला सर्वोत्तम सेटर ठरला. तोही परदेशी लीगांत मुरलेला. २०१७च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत रशियाने अंतिम फेरीत पाच सेटपर्यंत झुंजवून जर्मनीला रौप्यावर थांबवलं.

ऑलिंपिकने मात्र या पिढीला छळलं. २०१२मध्ये लंडनला पाचवा क्रमांक आला. मग जानेवारी २०१६मध्ये बर्लिनच्या पात्रता स्पर्धेत, घरच्या प्रेक्षकांसमोर, पोलंडने पाच सेटमध्ये हरवलं आणि रिओ हुकलं. जानेवारी २०२०मध्ये पुन्हा बर्लिन, पुन्हा शेवटचा सामना. फ्रान्सने ३-० असं धुतलं आणि टोकियो हुकलं. ग्रोझर पस्तिशी गाठलेला होता. पुढची पात्रता स्पर्धा २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलमध्ये, रिओलाच, झाली. पोलिश प्रशिक्षक मिखाऊ विन्यार्स्की यांच्या हाताखाली जर्मनीने सातच्या सात सामने जिंकले, यजमान ब्राझीललाही हरवलं आणि पॅरिस ऑलिंपिक गाठलं.

पॅरिसला सलामीला जपानशी गाठ पडली. जर्मनीने पाच सेटमध्ये सामना घेतला. ५ ऑगस्ट २०२४ला उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान फ्रान्स. जर्मनीने पहिले दोन सेट जिंकले. तिसरा आणि चौथा फ्रान्सकडे गेला. पाचवा १५-१३. फ्रान्सने पुढे सुवर्ण जिंकलं. एकोणचाळीस वर्षांच्या ग्रोझरची राष्ट्रीय कारकीर्द तिथे संपली. त्याच्या घरातली तिसरी पिढी, मुलगी लेआना, व्हॉलीबॉलच्या मैदानात उतरली आहे.

आपला रस्ता

आता आपल्याकडे वळू. भारताच्या व्हॉलीबॉलमध्ये हा व्यावसायिक रस्ता धरणारा एक मोठा माणूस झाला, आणि तो ग्रोझरच्या आधी. केरळातल्या पेरावूरचा जिमी जॉर्ज. जन्म १९५५. वैद्यकीय शिक्षण सोडून खेळात आला, केरळ पोलिसांत नोकरी, एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार. १९७९मध्ये अबू धाबीच्या क्लबमध्ये गेला आणि १९८२मध्ये इटलीत पोहोचला. जगातले सर्वोत्तम खेळाडू जिथे जमत, त्या लीगमध्ये एक भारतीय पोलीस कर्मचारी स्टार झाला. १९८६मध्ये सोलच्या आशियाई स्पर्धेत भारताला कांस्य मिळालं, त्या संघात तो होता. ३० नोव्हेंबर १९८७ला इटलीतच रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. वय बत्तीस.

जिमीने दार उघडलं होतं. त्या दारातून मागोमाग रांग लागली नाही. कारण दाराशी पोहोचवणारी वाट नव्हती. आपल्या मुलाची वाट दुसरीकडे जात होती: शालेय स्पर्धा, दहावी-बारावीला क्रीडागुण, मग विद्यापीठाचा संघ, मग शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण किंवा रेल्वे-पोलिसांतली भरती. या व्यवस्थेला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याच्या, मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराच्या घरात खेळामुळे कायमचा पगार आला, ही लहान गोष्ट नाही. फक्त हे मान्य करायला हवं की त्या व्यवस्थेचं उद्दिष्ट नोकरी देणं हे होतं. खेळाडूला तिशीत उत्तम बनवणं हे तिच्या डोक्यात कधी नव्हतंच. पूर्व जर्मनीने नोकरीच्या आडून अखंड खेळ चालवला. आपण खेळाच्या आडून नोकरी चालवली.

व्यावसायिक लीगचे प्रयत्न झाले. २०११मध्ये इंडियन व्हॉली लीग भरली. त्यात महाराष्ट्राचा ‘मराठा वॉरियर्स’ संघ होता. लीग एका हंगामात संपली. २०१९मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग आली, ‘यू मुंबा व्हॉली’ संघ आला. तीही एकाच हंगामाची धनी ठरली. महासंघ आणि आयोजकांचं बिनसलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. २०२२मध्ये त्याच धर्तीवर प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि ती टिकली. २०२३पासून त्यात ‘मुंबई मीटिओर्स’ आहे. २०२५च्या हंगामात हा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि बेंगळुरूकडून हरला. गोव्याचा संघही त्याच वर्षी लीगमध्ये आला.

खेळाडूंमध्ये दम नाही, असं म्हणायला जागा उरलेली नाही. सप्टेंबर २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं. ज्या कोरियाची लीग ग्रोझरला बोलावू शकते, त्या कोरियाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लबांची जागतिक स्पर्धा बेंगळुरूला झाली आणि इटलीचा पेरुजा क्लब जिंकला. जगातले नामवंत व्यावसायिक खेळाडू भारतीय प्रेक्षकांसमोर खेळले.

तरीही हिशेब मांडा. प्राइम लीगचा हंगाम काही आठवड्यांचा. २०२५चा सबंध हंगाम ऑक्टोबर महिन्यात, एकट्या हैदराबादमध्ये उरकला. २०१९चे सामने कोची आणि चेन्नईत झाले. २०२३मध्ये बेंगळुरू, हैदराबाद, कोची, २०२४मध्ये चेन्नई. म्हणजे मुंबईचं नाव लावणारे दोन संघ निघाले आणि २०२५ अखेरपर्यंत त्यांतला एकही आपल्या लीगचा सामना मुंबईत खेळला नाही. ज्या मुलाने कुर्ल्यात किंवा कल्याणमध्ये ‘आपला’ संघ टीव्हीवर पाहिला, त्याला त्या संघाच्या दारात उभं राहता येत नाही. कारण दारच नाही. संघाखाली कनिष्ठ संघ नाहीत, हॉल नाही, वर्गणीदार नाहीत. फ्रीडरिक्सहाफेनसारख्या साठ हजार वस्तीच्या गावाला जे जमलं, ते दीड कोटीच्या वर वस्तीच्या महानगराच्या संघाला जमलेलं नाही.

इथे पैशाचं कारण पुढे केलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जर्मन व्हॉलीबॉलही श्रीमंत नाही. बर्लिनचा वर्षानुवर्षं अजिंक्य असलेला क्लब एका कचरा-पुनर्वापर कंपनीचं नाव लावून खेळतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्यांचा फरक पडला तो वेळापत्रकाने. दर आठवड्याला सामना, घरचा आणि बाहेरचा, सात महिने, वर्षामागून वर्ष. चूक सुधारायला पुढचा शनिवार हाताशी असतो. आपल्या मुलाला स्पर्धा मिळते, हंगाम मिळत नाही. स्पर्धेत हरलं की तो घरी जातो आणि पुढची संधी कित्येक महिन्यांनी येते. असं करून स्मॅशर मिळेल, ग्रोझर मिळणार नाही.

म्हणून राज्य संघटना, क्रीडा खातं आणि मुंबईच्या संघाचे मालक यांच्याकडे एक साधी मागणी करावीशी वाटते. नवी स्टेडियमं नकोत. बालेवाडीचं संकुल आहे, जिल्हा क्रीडासंकुलं आहेत. पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर अशा आठ शहरांचे संघ घ्या. नोव्हेंबर ते मार्च दर शनिवार-रविवारी घरचे-बाहेरचे सामने ठेवा. प्रत्येक संघाला १४ आणि १८ वर्षांखालचा संघ चालवणं बंधनकारक करा. नोकरी देणाऱ्या खात्यांनी आपल्या खेळाडूंना या पाच महिन्यांसाठी मोकळं सोडावं. आणि पालकांनी मुलाला फक्त क्रीडागुणांचं प्रमाणपत्र आणायला मैदानावर पाठवू नये. १९५२मध्ये आपण जर्मनांच्या पुढे होतो. त्यानंतर त्यांनी हंगाम उभा केला, आपण केला नाही. फरक एवढाच आहे, आणि तो भरून काढता येण्यासारखा आहे.